डोक्यावरचा फेस

गेली सात-आठ वर्षं मी डोक्याला शॅम्पू लावलेला नाही. हे चारचौघांत सांगितलं की समोरचा माणूस नकळत अर्धं पाऊल मागे सरकतो. मग त्याची नजर माझ्या डोक्याकडे जाते, तिथे बघण्यासारखं फारसं काही उरलेलं नाही हे त्याच्या लक्षात येतं, आणि तो सुटल्यासारखा म्हणतो, "हां, तुझं काय, तुला चालतंय!" खरं आहे. प्रयोगासाठी माझ्याकडे सामग्री कमी आहे. पण या सोडण्यामागे एक मोठी गोष्ट आहे, आणि त्यात मी शहाणा कमी आणि मूर्ख जास्त ठरलो आहे, म्हणून ती सांगतो.

मी २००३ साली इंग्लंडात, रेडिंगला आलो. साताऱ्यात लहानपणी आमच्याकडे केस धुणे हा रविवारचा कार्यक्रम असे. आदल्या रात्री तेल, सकाळी बंब, आणि मग आईच्या हातची शिकेकाई. ती डोळ्यांत गेली की जो थयथयाट होई तो आळीला ऐकू जाई. इंजिनिअरिंगच्या होस्टेलवर गेल्यावर एक रुपयाची पुडी आली आणि शिकेकाई सुटली. पण तेव्हाही आठवड्यातून दोनदा, फार तर तीनदा. रोज डोक्यावरून शॅम्पू मी इथे येऊन शिकलो, आणि तोही स्वच्छतेसाठी नव्हे. भीतीपोटी.

कसली भीती? फोडणीची. इथली घरं थंडीत घट्ट बंद असतात, स्वयंपाकघर आणि बसायची खोली बहुतेक एकच. सकाळी डब्याच्या भाजीला हिंग-मोहरी घातली की तो वास कोटाला लागतो, मफलरला लागतो आणि केसांना तर सगळ्यात आधी लागतो. पहिल्याच महिन्यात ऑफिसातल्या एका बाईंनी मी शेजारी बसल्याबरोबर उठून खिडकी उघडली. कदाचित त्यांना उकडत असेल. पण नोव्हेंबर महिना होता हो! त्या दिवसापासून मी रोज सकाळी डोकं धुऊ लागलो, आणि पार्टी-बिर्टी असली तर संध्याकाळीसुद्धा. इथे राहणाऱ्या आपल्या लोकांपैकी किती जणांनी हे केलं असेल ते मला विचारू नका. विचारलंत तर कोणी कबूल करणार नाही.

आणि गंमत बघा, ज्या शॅम्पूने मी माझा देशी वास धूत होतो तो शब्द आपलाच आहे. चाँपना म्हणजे दाबणं, चेपणं. त्यावरून आपली चंपी, आणि त्यावरूनच इंग्रजांचा शॅम्पू. पाटण्याला १७५९ मध्ये जन्मलेला शेख दीन महंमद नावाचा एक गृहस्थ इंग्लंडात आला, १८१० मध्ये त्याने लंडनमध्ये 'हिंदुस्तानी कॉफी हाऊस' काढलं, ते बुडालं, आणि मग ब्रायटनच्या समुद्रकिनारी त्याने वाफेच्या स्नानाचा आणि अंग रगडून देण्याचा धंदा सुरू केला. तो असा चालला की चौथ्या जॉर्ज राजाचा आणि पुढे चौथ्या विल्यमचा तो 'शॅम्पूइंग सर्जन' झाला. म्हणजे अधिकृत राजचंपीवाला! त्या शॅम्पूत फेस नव्हता. त्याचा अर्थ 'केस धुणे' असा झाला तो एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, आणि साबणाऐवजी कृत्रिम डिटर्जंटचा शॅम्पू बाजारात आला तो १९३४ च्या सुमारास, अमेरिकेत.

त्या डिटर्जंटची बाजूही नीट सांगायला हवी, कारण पुढे मी त्याच्याविरुद्ध बोलणार आहे. रेडिंगचं पाणी खडूच्या डोंगरांतून येतं. आमच्या किटलीत दर महिन्याला पांढरा थर साचतो, तो व्हिनेगरने खरवडावा लागतो. शाळेत आपण 'दुष्फेन पाणी' शिकलो होतो ना, ते हेच. साबणातल्या स्निग्धाम्लांशी पाण्यातलं कॅल्शियम जुळलं की चिकट साका होतो आणि तो केसांवर बसतो. मी इथे एकदा भारतातून आणलेल्या अंगाच्या साबणाने डोकं धुऊन पाहिलं, केस मेणात बुडवल्यासारखे झाले. शॅम्पूतलं सोडियम लॉरेथ सल्फेट कॅल्शियमला असं भीक घालत नाही. म्हणून शॅम्पू जगभर चालला. त्यात कंपन्यांचा सगळा कावाच होता असं नाही.

आता मूर्खपणाकडे येतो.

२००४ साली आमच्याच गावच्या, म्हणजे रेडिंग विद्यापीठाच्या, फिलिपा डार्बर यांचा एक शोधनिबंध आला. स्तनाच्या गाठींच्या २० नमुन्यांत त्यांना पॅराबेन सापडले होते. पॅराबेन म्हणजे क्रीम-शॅम्पू नासू नये म्हणून घालायचं एक परिरक्षक. वर्तमानपत्रांनी त्याचं काय केलं असेल ते तुम्हाला कळलंच. निबंधात पॅराबेनमुळे कर्करोग होतो असं म्हटलेलं नव्हतं. शेजारच्या निरोगी पेशींत ते आहेत का, याची तुलनाही त्यात नव्हती. गाठीत सापडणं आणि गाठ करणं या वेगळ्या गोष्टी आहेत, हे इंजिनिअर माणसाला कळायला हवं होतं. मला कळलं नाही. मला फक्त गावाचं नाव दिसलं. बसच्या वाटेवरचं विद्यापीठ म्हणतंय म्हणजे खरंच असणार!

२०११ मध्ये मुलगी झाली आणि माझ्या डोक्यातला किडा वळवळू लागला. एका शनिवारी मी बाथरूमचं कपाट रिकामं केलं. प्रत्येक बाटली उलटी करून बारीक अक्षरं वाचली. (१९९७ पासून युरोपात सौंदर्यप्रसाधनांवर सगळे घटक उतरत्या क्रमाने छापणं सक्तीचं आहे, भारतातही आता ते छापावे लागतात. पण वाचतं कोण!) ज्यावर 'पॅराबेन' शेवटचं काहीही सापडलं ते सगळं कचऱ्यात. त्या जागी दुप्पट किमतीच्या, हिरव्या पानाचं चित्र असलेल्या, 'पॅराबेन-फ्री' बाटल्या आल्या. बाळाचे ओले पुसणेही तसेच. बायको म्हणाली, "अरे, चांगली चाललेली वस्तू कशाला टाकतोस?" मी तिला अर्धा तास भाषण दिलं.

दीड वर्षाने तिच्या हातांना खाज सुटली. आधी बोटांच्या बेचक्यांत, मग पापण्यांवर, मग मानेवर केसांच्या कडेकडेने. सकाळी उठली की डोळे सुजलेले. डॉक्टरांनी स्टिरॉइड मलम दिलं, की आठ दिवस बरं, नवव्या दिवशी पुन्हा तेच. आम्ही काय काय सोडलं ते सांगतो: वांगं, शेंगदाणे, दूध, लोकरीचे स्वेटर. आई फोनवर म्हणाली, "दृष्ट लागली असेल, मीठ-मोहऱ्या ओवाळ." तेही केलं. आणि ती रोज, नेमाने, त्या हिरव्या पानाच्या शॅम्पूने केस धूत होती आणि दिवसातून आठ-दहा वेळा त्या पुसण्यांनी बाळाला पुसत होती. रात्री ती झोपेत खाजवायची, म्हणून हातांना सुती मोजे घालून झोपायची. मुलीला उचलताना बोटं फाटून रक्त यायचं. हे वर्ष-दीड वर्ष चाललं.

शेवटी २०१४ मध्ये हॉस्पिटलात पॅच टेस्टचा नंबर लागला. ही तपासणी फार साधी असते. सोमवारी पाठीवर छोट्या छोट्या चकत्यांतून निरनिराळे पदार्थ चिकटवतात, बुधवारी त्या काढतात, शुक्रवारी पाठ पुन्हा बघतात. तोवर पाठ भिजवायची नाही. शुक्रवारी तिच्या पाठीवर एकच ठिपका लालभडक, फुगलेला होता. नर्सबाईंनी यादीत बघून नाव वाचलं: मिथाइलआयसोथायाझोलिनोन. आणि विचारलं, "तुम्ही बेबी वाइप्स वापरता का?"

घरी येऊन मी बाटल्या उलट्या केल्या. शॅम्पूत होतं. पुसण्यांत होतं. भांडी घासायच्या लिक्विडमध्येसुद्धा होतं. आणि पॅराबेन कशातच नव्हते, ते मी स्वतः कचऱ्यात टाकले होते ना.

हे मिथाइल-वगैरे काय प्रकरण आहे ते थोडक्यात सांगतो, कारण मला यातच खरी मेख वाटते. पाणी असलेल्या कुठल्याही क्रीम-शॅम्पूत जंतू वाढतातच, आणि ते डोळ्यांत गेले तर डोळा जाऊ शकतो. तेव्हा परिरक्षक घालावंच लागतं. पूर्वी हे मिथाइल त्याच्या एका क्लोरिनवाल्या भावाबरोबर मिसळून वापरत, आणि मिश्रणाला मर्यादा होती दहा लाखांत १५ भाग. त्यातला एक चतुर्थांश मिथाइल, म्हणजे पावणेचार भाग. क्लोरिनवाला भाऊ जास्त वाईट, हा त्यातला सौम्य, अशा समजुतीने २००५ मध्ये युरोपात याला एकट्याने वापरायची परवानगी मिळाली, ती थेट १०० भागांपर्यंत. म्हणजे सव्वीस-सत्तावीस पट! त्याच सुमाराला लोक पॅराबेनला घाबरून पळत होते. पॅराबेन गेल्यावर जी जागा रिकामी झाली ती भरणाऱ्यांत हा एक होता. २०१३ पर्यंत ब्रिटिश त्वचारोगतज्ज्ञ ओरडून सांगू लागले होते की याच्या ॲलर्जीची साथ आली आहे. अमेरिकेतल्या संपर्क-त्वचादाह संस्थेने त्याला २०१३ चा 'ॲलर्जन ऑफ द इयर' म्हणून निवडलं. तरी अंगावर राहणाऱ्या क्रीम आणि पुसण्यांतून ते कायद्याने गेलं २०१७ मध्ये, आणि धुऊन टाकायच्या शॅम्पूत ते १५ भागांवर आलं २०१८ मध्ये.

आणि पॅराबेन? त्यांतल्या काही जातींवर युरोपने २०१४ मध्ये बंदी घातली, काहींची मर्यादा कमी केली, हे खरं. तेवढी काळजी मला पटते. पण सर्वसाधारण वापरातल्या पॅराबेनना त्याच अमेरिकन संस्थेने २०१९ मध्ये उलटा मान दिला: 'नॉन-ॲलर्जन ऑफ द इयर'. म्हणजे त्वचेला न चावणारा पदार्थ! मी ही बातमी बायकोला वाचून दाखवली. तिने माझ्याकडे नुसतं बघितलं. ते बघणं मला अजून आठवतं.

तर मंडळी, माझं म्हणणं एवढंच आहे की 'केमिकल'ला घाबरू नका आणि 'केमिकल-फ्री'वर तर मुळीच विश्वास ठेवू नका. पाणीही केमिकल आहे, शिकेकाईतलं सॅपोनिनही केमिकल आहे. एखादी कंपनी बाटलीवर 'अमुक नाही' असं मोठ्या अक्षरात छापते तेव्हा विचारायचा प्रश्न हा की मग त्याऐवजी काय घातलंत? युरोपियन कमिशनच्या मार्गदर्शनात आता म्हटलं आहे की कायदेशीर आणि सुरक्षित घटकाची बदनामी करणारे 'पॅराबेन-फ्री'सारखे दावे करू नयेत. तरी दुकानात जाऊन बघा, कितीतरी बाटल्या अजून तसंच सांगत असतात.

इकडे भारतातून मला रोज फॉरवर्ड येतात. 'शॅम्पू म्हणजे विष, आपल्या ऋषिमुनींनी...' वगैरे. पाठवणारे काका स्वतः केसांना काळा कलप लावतात, तो भाग वेगळा. नैसर्गिक आणि पारंपरिक म्हणजे निर्धोक, ही समजूत इथल्या आपल्या दुकानांनी पुरती खोटी ठरवली आहे. परंपरेने डोळ्यांत घालायच्या सुरम्यात शिसं सापडतं, म्हणून ब्रिटनमध्ये तो विकायला बंदी आहे, तरी तो सामानातून येतोच. गोरं करणारी क्रीमं इथले ट्रेडिंग स्टँडर्ड्सचे अधिकारी वारंवार जप्त करतात, कारण त्यांत हायड्रोक्विनोन किंवा चक्क पारा असतो. काळी मेंदी म्हणून जी हातावर काढतात तिच्यात केसांच्या कलपातलं पीपीडी असतं, आणि त्याने लहान मुलांच्या हातांवर फोड येऊन कायमचे डाग राहिले आहेत. आता यातलं कुठलं पाश्चात्त्यांनी आपल्यावर लादलं? पॅराबेनवर तावातावाने बोलणाऱ्या आमच्या मित्रमंडळींत गोऱ्या क्रीमचा विषय निघाला की सगळे ताटात बघू लागतात.

मग मी शॅम्पू सोडला कशाला? साधं कारण आहे. त्या सगळ्या प्रकारानंतर मी कपाटातल्या एकेका वस्तूला विचारू लागलो, 'तू इथे का?' भांड्यांच्या साबणाला उत्तर होतं, दातांच्या पेस्टला होतं. माझ्या शॅम्पूला नव्हतं. होती ती फक्त खिडकी उघडणाऱ्या त्या बाईंची आठवण. त्याच सुमारास मॅथ्यू पॅरिस यांच्याविषयी वाचलं. हे पूर्वीचे हुजूर पक्षाचे खासदार, 'टाइम्स'चे स्तंभलेखक. त्यांनी दहाएक वर्षं शॅम्पू लावलेला नव्हता. ते ऐकून २००७ मध्ये सिडनीच्या एबीसी रेडिओवरच्या रिचर्ड ग्लोव्हर यांनी श्रोत्यांना सहा आठवडे शॅम्पू सोडायचं आव्हान दिलं. पाचशेवर लोकांनी भाग घेतला आणि ८६ टक्के म्हणाले की केस पूर्वीइतकेच किंवा जास्त चांगले आहेत. याला मी विज्ञान म्हणणार नाही, हौशी लोकांनी स्वतःलाच दिलेले मार्क आहेत ते. पण धीर आला.

पहिले तीन आठवडे वाईट गेले. उशीचा अभ्रा दर दोन दिवसांनी बदलत होतो. आता रोज कोमट पाणी, बोटांनी खसाखसा चोळणं आणि टॉवेल, बस. या पंथातले लोक सांगतात की शॅम्पू सोडला की टाळू 'स्वतःला सुधारते' आणि तेल कमी सोडते. मला यात तथ्य दिसत नाही. तेलग्रंथी हार्मोन्सच्या हुकमाने चालतात, त्यांना वर काय ओतलं याची खबर नसते. माझ्या बाबतीत बदललं ते एवढंच की केस आखूड, डोकं रोज पाण्याने धुतलं जातं आणि मला सवय झाली. खाण्याचा सोडा आणि व्हिनेगरचा जो उपाय सगळीकडे सांगतात तो तर करूच नका. सोडा अल्कधर्मी, केसाला थोडी आम्लता मानवते. आमच्या एका मित्राने तीन महिने सोडा लावला, त्याचे केस झाडूच्या हिरासारखे झाले. आणि कोंडा असेल तर नुसत्या पाण्यावर राहू नका. कोंड्यामागची बुरशी त्या तेलावरच जगते, ते साचू दिलंत तर तिला मेजवानी. तिथे औषधी शॅम्पूच हवा.

आईच्या तेलाची मात्र मला आता लाज वाटत नाही. खोबरेल केसाच्या आत शिरतं आणि धुताना होणारी प्रथिनांची झीज कमी करतं, असं २००३ मध्ये मुंबईच्या मॅरिको कंपनीच्या संशोधकांनी दाखवलं. खोबरेल विकणाऱ्या कंपनीने खोबरेलाचं कौतुक करावं यात नवल नाही, पण प्रयोगात सूर्यफुलाचं आणि खनिज तेलही होतं आणि ती दोन्ही हरली. मी हे आईला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "हे सांगायला कंपनी कशाला लागते रे?"

आता राहिली बायको. जिला शॅम्पू सोडायचं खरंखुरं कारण होतं तिने तो सोडलेला नाही. "माझे केस कमरेपर्यंत आहेत आणि मला सकाळी नऊला मीटिंग असते. तुझ्यासारखं डोक्यावरून तांब्या ओतून मी जाऊ शकत नाही. आणि तुझ्या केसांना वास आला तर लोक म्हणतील बिझी आहे, माझ्या आला तर काय म्हणतील ते मला माहीत आहे." यावर माझ्याकडे उत्तर नाही. ती सुपरमार्केटचा स्वतःचा, सगळ्यात स्वस्त, बिनवासाचा शॅम्पू वापरते, ज्यात ते मिथाइल नाही. आठवड्यातून दोनदा. आईने गेल्या वर्षी शिकेकाई, रिठे, आवळकाठी, नागरमोथा असं काष्ठौषधीच्या दुकानातून आणून, गिरणीतून काढून, दोन किलो पाठवलं. हीथ्रोवर कस्टम्सवाल्याने पिशवी उघडून वास घेतला आणि काही न बोलता बंद केली. बायको महिन्यातून एकदा, हौसेने, त्याने केस धुते. डोळ्यांत गेली की अजूनही तसाच थयथयाट होतो, फक्त इथे आळी नाही.

मुलगी आता मोठी झाली आहे. परवा तिच्याबरोबर दुकानात गेलो तर तिने एक गुलाबी बाटली उचलली. वर लिहिलं होतं की यात एकूण अकरा वाईट गोष्टी नाहीत. किंमत अठरा पौंड. मी तोंड उघडायच्या आत तिने ती उलटी केली, मागची बारीक अक्षरं शेवटपर्यंत वाचली, मोबाइलवर दोन नावं शोधली आणि बाटली परत ठेवून दिली. "काय होतं त्यात?" मी विचारलं.

"काही नाही बाबा. आईचीच आहे. फक्त गुलाबी."